लिव्हर ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी घरपोच नर्सिंग : खेड्यातला आमचा अनुभव

आर्वीहून आमच्या खेड्यापर्यंत येणाऱ्या घरपोच नर्सिंग सेवेबद्दल हे लिहीत आहे. सेवा चालवणाऱ्या सिस्टरांनी नाव लिहू नका म्हणून सांगितलं. हाताशी माणसं कमी, फोन वाढले तर आहेत त्या पेशंटकडे दुर्लक्ष होईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नाव देत नाही. पण वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यात कुणाच्या घरी ट्रान्सप्लांटचा पेशंट असेल, तर अशी सेवा ठरवताना काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय बघायचं, हे कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्या ह्यांचं ट्रान्सप्लांट नागपूरला झालं. नणंदेनं आपल्या लिव्हरचा उजवा भाग दिला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात बहीण जवळच्या नात्यात मोडते, त्यामुळे कागदपत्रांची धावपळ झाली तरी परवानगी मिळाली. नणंदेचं लिव्हर पुन्हा भरून आलं, ती आता कापूस वेचायलाही जाते. ऑपरेशननंतरचे पहिले महिने आम्ही हॉस्पिटलजवळ खोली करून राहिलो. पहिल्या महिन्यात जंतुसंसर्गाची भीती सगळ्यात जास्त असते, तो काळ नीट निघाला. गावी परत आलो, घर मार्गी लागलं, आणि मग पोटात इन्फेक्शन झालं.

हे का होतं ते डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. नवीन लिव्हरची पित्तनळी पेशंटच्या स्वतःच्या नळीला जोडतात. जिवंत माणसाकडून घेतलेल्या भागात या नळ्या शेवयांसारख्या बारीक असतात, कधीकधी एकाहून जास्त. हा जोड कुणाचा सुरुवातीलाच झिरपतो, कुणाचा काही महिन्यांनी आकसतो. आमचा आकसला. पित्त पुढे सरकलं नाही की साचतं, आणि साचलेल्या पित्तात आतड्यातले जंतू वर चढतात. ह्यांच्या लिव्हरमध्ये पू धरला होता.

बाहेरून मात्र फारसं काही दिसत नव्हतं. ताप ९९ च्या आसपास, पोट दुखत नव्हतं. अंगाला खाज होती, लघवी गडद पिवळी होत होती आणि अर्ध्या भाकरीवर ताट बाजूला सारत होते. शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या या पेशंटला कायमच्या असतात. त्या गोळ्यांमुळे तापही दबतो आणि दुखणंही दबतं. रक्तात बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आलं, पित्त अडलं की हे वाढतात. सोनोग्राफीत पू दिसला. नागपूरला ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, जोडात स्टेंट (वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) बसवला आणि सोनोग्राफीवर बघत बघत बाहेरून पिगटेल नळी, म्हणजे टोकाला वळलेली बारीक नळी, पुवापर्यंत नेली. पुवाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, तोही ईएसबीएल प्रकारचा, म्हणजे बरीच अँटिबायोटिकं निकामी करणारा. रिपोर्टमध्ये नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकांसमोर 'आर' लिहून आलं होतं, म्हणजे ती औषधं त्या जंतूला लागू पडत नाहीत. एर्टापेनेम या अँटिबायोटिकासमोर 'एस' होतं, म्हणजे ते लागू पडतं. ते दिवसातून एकदाच द्यायचं असतं. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे डोस इथे आमच्या नजरेखाली होऊ द्या, त्रास झाला नाही तर पुढचा कोर्स घरी करता येईल. हॉस्पिटलात जास्त दिवस काढले तर तिथले आणखी हट्टी जंतू लागण्याचाही धोका असतो. अट एकच होती, नळीला आणि पिक लाइनला (औषधासाठी दंडाच्या शिरेतून आत घातलेली बारीक नळी) हात लावणारं माणूस शिकलेलं पाहिजे. हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमनी या सिस्टरांचा नंबर दिला.

सिस्टर पूर्वी मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूत होत्या. फोनवर दराचं बोलण्याआधी त्यांनी डिस्चार्ज कार्ड, कल्चर रिपोर्ट आणि औषधाची लेखी ऑर्डर मागितली. डॉक्टरांच्या सहीशिवाय एक थेंबही देत नाही म्हणाल्या. ऑर्डर वाचून त्यांनी स्वतः हॉस्पिटलला फोन लावला आणि नळी किती सलाईननं, किती वेळा धुवायची ते लिहून घेतलं, कारण आमच्या कार्डावर ते लिहायचं राहून गेलं होतं. माझा विश्वास तिथेच बसला.

पेशंट घरी यायच्या आधी त्या घर बघून गेल्या. आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, मागे गोठा. ह्यांची खाट गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होती, ती समोरच्या खोलीत आणायला लावली. त्या खोलीची जमीन शेणानं सारवायची नाही, मेणकापड अंथरून रोज ओल्या फडक्यानं पुसायची, असं ठरलं. सासूबाईंना ते काही पटेना. "बाई, सारवल्याबिगर घर बरं दिसते का?" त्यांनी विचारलं. सिस्टर हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुमी सारं घर सारवा, ही एक खोली सोडा. भावाच्या पोटात नळी आहे, तिथून जंतू आत जायला वाट आहे." सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी शेणाची पाटी दारातून परत नेली. बघायला येणाऱ्यांसाठी अंगणात खुर्च्या टाकायला सांगितल्या, खोलीत कुणी नाही. आमच्याकडे पेशंटला भेटायला सगळं गाव येतं, आणि दारातून परत पाठवलं तर माणसं दुखावतात. सिस्टरांनी सांगितलं म्हटल्यावर कुणी मनावर घेतलं नाही.

रोजचं काम मी जवळून बघितलं. आल्या की आधी साबणानं कोपरापर्यंत हात. मग ट्रे मांडायचा, इंजेक्शनची बाटली उजेडात धरून नाव आणि एक्स्पायरी मोठ्यानं वाचायची, बॅच नंबर वहीत. एर्टापेनेमची पावडर साध्या सलाईनमध्येच विरघळवायची, साखरेच्या सलाईनमध्ये चालत नाही. आमच्या घरी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी होत्या, म्हणून त्यांनी साखरेची बाटली पहिल्याच दिवशी कपाटात वर ठेवायला लावली. ह्यांच्या दंडात पिक लाइन होती. तिच्या तोंडाला औषध जोडण्याआधी स्पिरिटच्या बोळ्यानं पंधरा सेकंद घासायचं, आणि ते त्या खरोखर मनात आकडे मोजून घासतात, ओठ हलताना दिसतात. औषध अर्ध्या तासात जातं. तेवढ्यात त्या पोटाची पट्टी बघतात, पिशवीतला पू मापात ओतून वहीत लिहितात आणि प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न कायम एकच, संडासला किती वेळा झाली? अँटिबायोटिकनं जुलाब लागले तर एकीकडे पाणी कमी होतं, आणि दुसरीकडे टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) रक्तातली लेव्हल वाढून किडनीवर ताण येतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

एकदा ऐन औषध चालू असताना लाइट गेली. त्यांनी मोबाईलचा टॉर्च माझ्या हातात दिला, थेंबांवर धरायला लावला आणि घड्याळाकडे बघत थेंब मोजत बसल्या. बाटली भिंतीच्या खिळ्याला टांगलेली होती. औषध संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्या कुणी घाई केली असती तरी आम्हाला काय कळणार होतं.

सगळ्यात मोठं काम झालं ते नळीचं. पुवाचं माप रोज कमी होत होतं. साठ मिलि, पंचेचाळीस, चाळीस, आणि एक दिवस पिशवी पूर्ण कोरडी. घरात सगळ्यांना आनंद झाला. हे म्हणाले, "मॅडम, पू बंद झाला न. नळी काढून टाका आता, मले कुशीवर झोपता येत नाही." सिस्टर वहीकडे बघत होत्या. "भाऊ, काल चाळीस होता, आज काहीच नाही. असा एकदम नाही थांबत. जरा पाहू द्या मले." पट्टीखाली नळी दुमडली आहे का ते बघितलं. तीन तोंडाच्या तोटीची चावी बरोबर दिशेला आहे का ते बघितलं. मग दहा मिलि सलाईनची सिरिंज लावली. थोडं आत गेलं आणि पुढे दांडा जड झाला. जोर लावला असता तर गेलंही असतं कदाचित, पण त्यांनी दांडा सोडून दिला, सिरिंज काढली आणि तोटी बंद केली. जोरानं ढकललेलं पाणी पू घेऊन भलतीकडे पसरतं, जंतू रक्तात जातात, एवढंच मला समजावलं. वहीच्या पानांचे फोटो कोऑर्डिनेटर मॅडमना पाठवले आणि तिथेच अंगणात उभं राहून बोलल्या. उत्तर आलं, आजच घेऊन या. ताप तेव्हाही नव्हता.

नागपूरला सोनोग्राफी झाली. नळी गाळानं बंद पडली होती आणि आत पू अजून शिल्लक होता. त्याच वाटेनं जरा मोठ्या तोंडाची नळी बसवली, ताजा पू पुन्हा कल्चरला गेला. डॉक्टरांनी वहीचे आकडे बघितले आणि आम्हाला विचारलं की हे कोण लिहितं. नुसत्या अँटिबायोटिकनं हा आजार जात नाही, पू बाहेर निघालाच पाहिजे आणि पित्ताची वाट मोकळी राहिलीच पाहिजे, हे तिथे पुन्हा सांगितलं. औषध बदलावं लागलं नाही, आणि त्याचं मोल मला नंतर कळलं. याच जातीचा जंतू एर्टापेनेमसारख्या औषधांनाही दाद देईनासा झाला की कोलिस्टिनसारखी मोजकीच औषधं उरतात. त्यातलं कोलिस्टिन किडनीला जड जातं, आणि टॅक्रोलिमस घेणाऱ्याची किडनी आधीच ताणाखाली असते. सिस्टर एकही डोस चुकू देत नाहीत, वेळही पुढेमागे होऊ देत नाहीत, त्याचं कारण हे.

टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रक्त घ्यायची त्यांची पद्धतही शिकण्यासारखी आहे. रात्री आठला गोळी घेतली तर सकाळी आठच्या गोळीआधी रक्त घ्यायचं, म्हणजे बारा तासांची खरी लेव्हल कळते. त्या सकाळी सिस्टर साडेसातला दारात. गोळी आधी त्यांच्या हातात द्यायची, रक्त घेतलं की त्याच ती ह्यांना देतात. रक्त जांभळ्या टोपणाच्या बाटलीत, हलक्या हातानं उलटसुलट करून, वर वेळ लिहून. यापूर्वी तालुक्यातल्या एका कलेक्शन सेंटरवर आम्हाला कुणी गोळीबद्दल विचारलं नव्हतं, साडेदहाला रक्त घेतलं, लेव्हल भलतीच वाढलेली आली आणि तपासणी पुन्हा करावी लागली. दंडात पिक लाइन असलेल्या हाताला सुई टोचत नाहीत, त्या हातावर बीपीही घेत नाहीत. त्या हातानं पाण्याची बादली उचलायची नाही, हे त्यांनी ह्यांना इतक्यांदा सांगितलं की आता लाइन निघाली तरी हे बादली डाव्या हातानंच उचलतात.

मधे ह्यांना खोकला झाला. जवळच्या एका डॉक्टरांनी चांगल्या मनानं क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं आणि अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक. सिस्टरांनी चिठ्ठी वाचली आणि दोन्हींवर बोट ठेवलं. पहिल्यानं टॅक्रोलिमसची लेव्हल वर जाते, दुसरं किडनीला घातक. त्यांनी स्वतःच्या मनानं दुसरं औषध सुचवलं नाही. हॉस्पिटलला फोन लावून दिला आणि तिकडून जे आलं तेच घेतलं. घरपोच सेवेत मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. गावात चिठ्ठीशिवाय गोळी देणारे आणि आल्या आल्या सुई टोचणारे खूप भेटतात. हे माझं काम नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारते, असं म्हणणारं माणूस मला या एकच भेटलं.

कचऱ्याचंही सांगते. सुया पांढऱ्या जाड डब्यात, पट्ट्या आणि बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सिरिंज लाल पिशवीत. सगळं परत घेऊन जातात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत रंग असेच ठरवून दिले आहेत. आमच्या गावात वापरलेल्या सुया उकिरड्यावर सापडतात आणि त्याच उकिरड्यावर पोरं खेळतात. अंगणवाडीत लेकरांसोबत दिवस घालवणाऱ्या मला हे बघून फार बरं वाटलं.

आता जे कमी पडलं तेही लिहिते. रात्री सेवा नाही. हे त्या पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात: थंडी वाजून हुडहुडी भरली, ताप १०० च्या वर गेला, नळीतून रक्त आलं किंवा नळी बाहेर सरकली तर त्यांची वाट बघायची नाही, गाडी करून निघायचं. बरोबरच आहे, तरी रात्री फोनवर कुणी बोलायला असतं तर घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहिला असता. सिस्टर नसल्या की त्यांच्या हाताखालची मुलगी यायची. हात चांगला, वागणं गोड, पण वहीत अर्धंच लिहायची. पुवाचा रंग लिहिलेला नसायचा, फक्त आकडा. रंग महत्त्वाचा आहे, हिरवा-पिवळा आला तर पित्त झिरपत असण्याची शंका येते, लाल आला तर वेगळीच भीती. मी सिस्टरांना सांगितलं, पुढे सुधारलं. बिल सुरुवातीला साध्या चिठ्ठीवर मिळालं, ते कुठे मदतीसाठी जोडायला चालेना. मागितल्यावर शिक्क्याचं बिल दिलं, तेव्हा पहिल्या दिवसापासूनच तसं मागा.

एका फेरीचे आमच्याकडून साडेतीनशे रुपये घेतले, वर पेट्रोलचे थोडे, कारण गाव आतल्या रस्त्याला आहे. रक्त घ्यायचे वेगळे. सिरिंज, सलाईन, ग्लोव्हज त्यांच्याकडून घेतलं तर छापील किमतीला पडतं, आपण मेडिकलमधून आणून दिलं तरी त्यांची हरकत नसते. औषध मात्र पक्क्या बिलावर, हॉस्पिटलनं सांगितलेल्या कंपनीचंच आणायला लावतात. रोज नागपूरला जाणं-येणं किंवा तिथे खोली करून राहणं याच्या मानानं खर्च खूपच कमी झाला, आणि माझी अंगणवाडी बुडाली नाही.

ह्यांची नळी निघाली, पिक लाइनही निघाली. दोन्ही नागपूरलाच काढल्या, नळी काढण्याचं काम या घरी करत नाहीत आणि करूही नये. स्टेंट अजून आत आहे, तो ठरलेल्या मुदतीनं बदलावा लागतो, नाहीतर तोच तुंबतो आणि पुन्हा तोच आजार उभा राहतो. सिस्टर आता फक्त लेव्हलच्या रक्तापुरत्या येतात. पाच पैकी साडेचार गुण देते, अर्धा रात्रीच्या फोनसाठी राखून.

अशी सेवा ठरवायची असेल तर डिस्चार्ज व्हायच्या दोन दिवस आधी फोन करा, दुपारी करा, आमच्या सिस्टर सकाळी आठ ते दहा फेऱ्यांवर असतात आणि उचलत नाहीत. कल्चर रिपोर्टचा फोटो तयार ठेवा. पावसाळ्यात रस्त्याचं आधी बोलून घ्या. आमच्या पांदणीत त्यांची स्कूटी चिखलात रुतली होती, शेजारच्या भाऊंनी ट्रॅक्टरवर बसवून आणलं आणि डोस वेळेवर झाला. तेव्हापासून जोराचा पाऊस दिसला की आम्हीच डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर पाठवतो, तशी सोय तुम्हालाही करावी लागेल.